टेकडीवरचं गोल्फ कोर्स वाचायचं कसं? (पुणे आणि आसपास)

सह्यकडा:
पुण्याच्या आसपास खाजगी कोर्सवर पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण कार्ड हातात आलं की आधी यार्डेज बघतात. ३४० यार्डांचं पार ४ (चार फटक्यांत संपवायचं होल) दिसलं की हायसं वाटतं, आणि टेकडीवरच्या कोर्सवर गणित तिथेच चुकतं. येरवड्याचं पूना क्लबचं कोर्स शहराच्या पोटातलं, झाडीतलं. तिथे चेंडू झाडाच्या कोणत्या अंगाला जातो यावर पुढचा फटका ठरतो. लवळ्याच्या टेकड्यांतल्या ऑक्सफर्डसारख्या कोर्सवर चेंडू जिथे पडतो तिथे तो थांबतोच असं नाही, त्यामुळे तिथे टप्पा पडल्यानंतरच्या वीस-तीस यार्डांचा विचार आधी करावा लागतो.

सुरुवात फेअरवेपासून करतो, म्हणजे टी (पहिल्या फटक्याची जागा) आणि ग्रीन (कपाच्या खड्ड्याभोवतीचा बारीक कापलेला भाग) यांमधल्या कापलेल्या पट्ट्यापासून. आडव्या उताराचा फेअरवे ३० यार्ड रुंद असला तरी मार्च ते मे तो प्रत्यक्षात पंधराच यार्डांचा असतो. आपल्याकडे टेकड्यांवर वरची माती पातळ आणि खाली मुरूम, कातळ. पाणी कमी झालं की पृष्ठभाग टणक होतो आणि चेंडू उतरत्या बाजूला घरंगळतो. म्हणून टीवरून निशाण फेअरवेच्या मध्यावर न धरता वरच्या कडेवर धरायचं. वरच्या बाजूच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) गेलात तरी चालेल. खालची बाजू बहुतेक वेळा लाल किंवा पांढऱ्या खुंट्यांकडे, म्हणजे दंडाकडे नेते.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः ग्रीन, पावसाळा आणि हँडिकॅप (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणारे जादा फटके) या तीन गोष्टींवर.

मीनल_बाणेर:
उताराचा मुद्दा अगदी बरोबर. त्यात उभे राहण्याचं गणित जोडते, कारण टेकडीवर टी सोडली तर सपाट पाय क्वचितच मिळतात. सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी:

चेंडू पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे वळतो. ग्रिप दोन-तीन सेंटिमीटर खाली धरा, निशाण उजवीकडे घ्या. वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) जितका जास्त लॉफ्टचा, म्हणजे चेहरा जितका मागे कललेला, तितका डावीकडे ओढा जास्त, हे अनेकांना माहीत नसतं. लॉफ्ट असलेल्या क्लबचा चेहरा उतारावर टेकला की तो आपोआप डावीकडे बघू लागतो.

चेंडू पायांखाली असेल तर तो उजवीकडे जातो. गुडघे नेहमीपेक्षा जास्त वाकवा आणि फटका संपेपर्यंत ती उंची सोडू नका. इथे टॉप होण्याचं (चेंडूचा वरचा भागच लागण्याचं) कारण बहुतेक वेळा एकच असतं, मध्येच उठणं.

चढावर खांदे उताराला समांतर ठेवा. चेंडू उंच उडतो आणि कमी जातो, म्हणून एक क्लब जास्त (एक पायरी लांब मारणारा). उतरणीवर चेंडू स्टान्समध्ये थोडा मागे, एक क्लब कमी. फटका खालच्या दिशेने जाऊ द्या. वर उचलायला गेलात की आधी जमीन लागते.

पाषाणकर:
मीनलताई, छान लिहिलंत. उंचीच्या फरकाबद्दल थोडं.

"एक मीटर खाली तर एक मीटर कमी" हा कॅडींचा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो, पण सगळ्या क्लबना सारखा लागू नाही. चेंडू जमिनीवर किती अंशांत उतरतो त्यावर फरक पडतो. वेजचा चेंडू साधारण ५० अंशांत येतो, तिथे १० मीटरच्या उतारामुळे ८ ते ९ मीटरच वाढतात. ड्रायव्हर ३८-४० अंशांत येतो, तिथे त्याच १० मीटरचे १२-१३ होतात आणि वर घरंगळणं वेगळं. उंच टीवरून खालच्या ग्रीनवर पार ३ खेळताना लोक दोन-दोन क्लब कमी घेतात आणि समोरच्या बंकरात (वाळूच्या खड्ड्यात) पडतात, त्यामागे हेच आहे.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने चेंडू सुमारे २ टक्के जास्त जातो, म्हणजे मुंबईतला १५० यार्डांचा क्लब इथे १५३. फरक छोटा आहे, त्यासाठी वेगळा क्लब घ्यायचं कारण नाही. वारा मात्र जास्त मोठा. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, पावसाळ्यात तर तो दिवसभर असतो. समोरचा वारा जेवढं काढून घेतो तेवढं पाठीमागचा परत देत नाही, हे धरूनच क्लब निवडा.

नवशिक्या_१८:
एक प्रश्न. कार्डावर "स्लोप १३२" लिहिलेलं असतं. म्हणजे कोर्सला किती चढ-उतार आहे तेच ना?

पाषाणकर:
नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. स्लोप रेटिंगचा डोंगराशी थेट संबंध नाही. स्क्रॅच (शून्य हँडिकॅपच्या) खेळाडूच्या तुलनेत बोगी खेळाडूला (पुरुषांमध्ये साधारण २० हँडिकॅपचा) ते कोर्स किती जास्त जड जातं, याचा तो आकडा. बोगी रेटिंगमधून (बोगी खेळाडूचे अपेक्षित फटके) कोर्स रेटिंग (स्क्रॅच खेळाडूचे) वजा करायचं आणि पुरुषांसाठी ५.३८१ ने गुणायचं. कमीत कमी ५५, जास्तीत जास्त १५५, प्रमाण ११३. दरी ओलांडायला लावणारं कोर्स स्क्रॅच खेळाडूला फार त्रास देत नाही, वीस हँडिकॅपवाल्याला देतं, म्हणून तिथे स्लोप वाढतो.

२०२० पासूनच्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये त्या कोर्सवर किती फटके मिळतात याचं गणित असं: इंडेक्स (तुमच्या खेळावरून निघणारा हँडिकॅपचा आकडा) गुणिले स्लोप भागिले ११३, अधिक (कोर्स रेटिंग वजा पार). समजा तुमचा इंडेक्स १८.४ आहे आणि पार ७२.

मागच्या टीवरून स्लोप १३२, रेटिंग ७२.६ असेल तर: १८.४ × १३२ ÷ ११३ = २१.५, अधिक ०.६, म्हणजे २२.
पुढच्या टीवरून स्लोप ११८, रेटिंग ६९.८ असेल तर: १९.२ वजा २.२, म्हणजे १७.

त्याच माणसाचे त्याच कोर्सवर पाच फटक्यांचे फरक. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या कोर्सचे कार्डावर पाहा. मागच्या टीवरून खेळायचा हट्ट धरणाऱ्यांना पाच फटके जास्त मिळतात खरे, पण दरीपलीकडे चेंडू नेण्याची ताकद त्याने येत नाही. ड्राइव्हची झेप २०० यार्डांच्या आत असेल तर टेकडीवरच्या कोर्सवर पुढचीच टी घ्या, असं मी मनापासून सांगेन.

हरळी:
आता माझा विषय, गवत.

आपल्याकडे ग्रीनवर जे बर्म्युडा असतं, ते आपल्या हरळीच्याच कुळातलं. शेतकरी जिला उपटून उपटून थकतो आणि गणपतीला जिच्या जुड्या वाहतो, तीच. कोर्सवर तिचे संकरित बुटके वाण लावतात आणि साधारण ३ ते ४ मिलिमीटरवर कापतात. हरळी आडवी धावते, त्यामुळे पात्यांना एक कल येतो. त्यालाच ग्रेन म्हणतात. पटवर (ग्रीनवरच्या घरंगळत्या फटक्यावर) याचा परिणाम मोठा असतो, कारण कपाजवळ चेंडूचा वेग उतरतो आणि तेव्हाच ग्रेन त्याला ओढतो.

ओळखायचं कसं? चेंडूमागे उभं राहून पाहा. गवत चकाकतं दिसलं तर पाती तुमच्यापासून लांब झुकलेली आहेत, पट पळेल. काळपट, गडद दिसलं तर पाती तुमच्याकडे झुकलेली आहेत, पट अडेल.

याहून भरवशाची खूण कपाच्या काठावर मिळते. दुपारी वाकून काठ नीट बघा. एका बाजूची कड हिरवी, गच्च, पाती थोडी कपात डोकावणारी. समोरची कड विरळ, तपकिरी, कुरतडल्यासारखी. कप कापताना त्या बाजूच्या पात्यांची मुळं मधल्या मातीच्या गोळ्याबरोबर निघून गेलेली असतात, म्हणून ती पाती वाळतात. ग्रेन हिरव्या कडेकडून तपकिरी कडेकडे जातो. सकाळी नुकत्याच कापलेल्या कपात हे दिसत नाही, काही तास जावे लागतात.

"ग्रेन नेहमी पश्चिमेकडे" असं सर्रास सांगितलं जातं. त्यावर डोळे झाकून जाऊ नका. पाणी वाहून जायची दिशा, कापणीची दिशा, वाण, सगळ्याचा हात असतो. व्हर्टिकटिंग (उभ्या पात्यांनी गवत चिरणं) नियमित होत असेल तर बुटक्या वाणांत ग्रेन फार कमी उरतो.

सह्यकडा:
हरळी, हे फार उपयोगाचं. ग्रीनच्या वेगाबद्दलही सांगाल का? क्लबात "आज साडेनऊ आहे" असं कानावर येतं, पण ते मोजतात कसं हे अनेकांना माहीत नसतं.

हरळी:
स्टिम्पमीटरने. ९१ सेंटिमीटर लांब अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ, तिला एक खाच. खाचेत चेंडू ठेवून पन्हळ हळूहळू उचलायची. साधारण २० अंशांवर चेंडू आपसूक सुटतो, म्हणून हाताचा जोर मध्ये येत नाही. चेंडू जितके फूट गेला तितका वेग. तीन चेंडू एका दिशेने आणि तीन उलट दिशेने सोडून सरासरी काढतात. एडवर्ड स्टिम्पसन यांनी हे १९३५ मध्ये बनवलं, नंतर १९७० च्या दशकात यूएसजीएने (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने) सुधारलं.

टेकडीवर अडचण अशी की मोजायला सपाट जागाच सापडत नाही. तेव्हा साधी सरासरी चुकीची येते. उतरणीला १२ फूट आणि चढाला ७ फूट गेला तर सरासरी ९.५ दिसते. त्याऐवजी दोन्हींचा गुणाकार दुप्पट करून बेरजेने भागायचा: २ × १२ × ७ ÷ १९, म्हणजे ८.८. खरा वेग हा.

झेंडा कुठे लावायचा हेही याच्याशी बांधलेलं. कपाभोवती साधारण मीटरभरात उतार ३ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे मीटरला ३ सेंटिमीटर. वेग १० च्या वर गेला आणि कप ४ टक्क्यांवर कापला, तर वरून मारलेला पट थांबतच नाही. असा कप दिसला तर ती चूक ग्रीन ठेवणाऱ्यांची आहे. खेळाडूने मात्र एवढं करावं की अ‍ॅप्रोच (ग्रीनवर नेणारा फटका) कपाच्या खालच्या बाजूला ठेवावा. चढाचा तीन मीटरचा पट उतरणीच्या दीड मीटरच्या पटपेक्षा बरा.

मुळशीचा_पाऊस:
पावसाळ्यावर मी लिहितो. जून ते सप्टेंबर खेळताना नियम माहीत नसल्याने लोक फटके उगाच वाया घालवतात.

उभं राहिल्यावर बुटाभोवती पाणी दिसतं ते तात्पुरतं पाणी, नियम १६. नुसती मऊ, चिखलट जमीन त्यात मोडत नाही. आराम मिळणारी सर्वात जवळची जागा शोधायची, तिथून एक क्लबलांबी, कपाच्या जवळ नाही, आणि गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप (चेंडू हातातून सोडणं). दंड नाही. लक्षात ठेवा, "सर्वात जवळची" म्हणजे "सर्वात चांगली" नव्हे. ती रफमध्ये आली तर रफमध्येच.

चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतला आणि जागा जनरल एरियातली (फेअरवे, रफ वगैरे) असेल, तर फुकट ड्रॉप, रफमध्येसुद्धा. बंकरात रुतला तर फुकट काही नाही.

बंकरात पाणी साचलं असेल तर बंकरातच फुकट ड्रॉप, किंवा एक दंड घेऊन कपाच्या सरळ रेषेत मागे बाहेर.

चेंडूला चिखल लागला असेल आणि क्लबने प्रेफर्ड लाइजचा (चेंडू उचलून पुसून ठेवू देणारा) स्थानिक नियम लावला नसेल, तर फेअरवेवर पुसता येत नाही. तसाच मारावा लागतो. चिखल उजव्या अंगाला असेल तर चेंडू डावीकडे जायला बघतो, आणि उलट. निशाण त्याप्रमाणे सरकवा आणि पूर्ण जोर लावू नका. ग्रीनवर मात्र उचलून पुसायला कायम मुभा आहे.

आणि वीज. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात उघड्या टेकडीवर हातात लोखंडी दांडा घेऊन उभं राहणं जिवावरचं आहे. खेळ थांबवण्याचा भोंगा वाजला की चालू होलसुद्धा पूर्ण करायचा नाही. भोंगा वाजायच्या आधीही, वीज पडण्याचा धोका वाटला तर नियम ५.७ खेळाडूला स्वतःहून थांबू देतो. आसरा पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. झाड, छत्री आणि उघडी गोल्फ कार्ट यांत नाही. कॅडींनाही बरोबर आत घ्या.

नवशिक्या_१८:
पांढऱ्या आणि लाल खुंट्यांतला फरक एकदा नीट सांगाल का? दरीत गेलेल्या चेंडूसाठी कधी मागे जावं लागतं, कधी नाही?

मुळशीचा_पाऊस:
पांढरा खुंटा म्हणजे हद्दीबाहेर. एक दंड आणि जिथून मारला तिथूनच पुन्हा. हद्द खुंट्यांच्या कोर्सकडच्या, जमिनीलगतच्या कडेने धरतात आणि चेंडू पूर्ण पलीकडे गेला तरच बाहेर. लाल म्हणजे पेनल्टी एरिया (पाणी, दरी असा दंडाचा भाग): एक दंड, आणि चेंडूने जिथे शेवटची हद्द ओलांडली तिथून दोन क्लबलांबीत, कपाच्या जवळ न जाता ड्रॉप. पिवळ्याला ही बाजूची सोय नाही.

शोधायला तीनच मिनिटं. म्हणून शंका आली की टीवरच "प्रोव्हिजनल मारतोय" असं मोठ्याने सांगून दुसरा (पहिला न सापडला तरच धरायचा) मारा. न सांगता मारला तर तोच खेळातला चेंडू होतो, पहिला सापडला तरी उपयोग नाही. लाल भागात गेलाय हे नक्की माहीत असेल तर मात्र प्रोव्हिजनल मारता येत नाही.

रोजच्या खेळात अनेक ठिकाणी हरवलेल्या किंवा हद्दीबाहेरच्या चेंडूसाठी दोन दंड घेऊन पुढे फेअरवेच्या कडेला ड्रॉप करायचा स्थानिक नियम असतो. तो लागू आहे का हे कार्डाच्या मागे पाहा.

मीनल_बाणेर:
बंकरबद्दल कोणी लिहिलं नाही. चांगल्या बंकरात तळाला १० ते १५ सेंटिमीटर वाळू असते आणि चढाच्या भिंतीवर ५ ते ८. जोराचा पाऊस झाला की भिंतीवरची वाळू तळाशी येते, सोबत लाल माती उतरते, ती बारीक माती वाळूत मिसळून निचऱ्याची नळी बुजवते. मग ऊन पडलं की वर कडक पापुद्रा धरतो. अशा बंकरात चेहरा उघडून सँड वेज मारला तर तळाचा फुगीर भाग आपटून उसळतो आणि चेंडू थेट ग्रीनपलीकडे. तिथे चेहरा जवळपास सरळ ठेवा, बाउन्स (हाच फुगीरपणा) कमी असलेला वेज घ्या. हाताने किंवा क्लबने वाळू चाचपून बघणं नियमात बसत नाही, पण पाय रोवताना बुटाला कळतं ते कळतं.

पाषाणकर:
हरळी, एक विचारायचं होतं. ऑगस्टनंतर काही ठिकाणी गवत पिवळं पडून सतरंजीसारखं हाताने गुंडाळता येतं. बुरशी का?

हरळी:
सतरंजीसारखं उचललं जात असेल तर जवळपास नक्की हुमणी. उसाला लागते तीच. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी भुंगेरे बाभळी-कडुनिंबावर जमतात, मग जमिनीत अंडी घालतात. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी मुळं खाते, म्हणून गवत जमिनीला धरून राहत नाही. खात्री करायला एक फूट बाय एक फूट तुकडा उलटून अळ्या मोजा. बगळे, मैना एकाच जागी खुपसत असतील तर तीही खूण. उपाय शेतकऱ्यांचाच: भुंगेरे निघतात तेव्हाच प्रकाश सापळे आणि झाडं हलवून गोळा करणं, शिवाय अळी लहान असताना मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी जमिनीत देणं. सप्टेंबरमध्ये अळी मोठी झाल्यावर फारसं काही हाताला लागत नाही.

बुरशीचं लक्षण वेगळं. पहाटे दवात पांढरट जाळी दिसते, रुपयाएवढे डाग पडतात, गवत मात्र मुळाशी घट्ट असतं.

सह्यकडा:
पाण्याचा मुद्दा टाळून चालणार नाही. पुण्यात टँकरच्या रांगा असताना गोल्फ कोर्सकडे लोक रागाने बघतात आणि तो राग रास्त आहे. आकडा काय पडतो?

हरळी:
साधं गणित. उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी दिलं तर हेक्टरी ५०,००० लिटर. २५ हेक्टर हिरवं ठेवायचं म्हटलं तर दिवसाला साडेबारा लाख लिटर. हे पिण्याच्या पाण्यातून घेणं मला तरी मान्य नाही. प्रक्रिया केलेलं सांडपाणी आणि पावसाळ्यात साठवलेलं तळ्यातलं पाणी, एवढ्यावरच कोर्स चालायला हवं.

पण हेही बघा: ५०० चौरस मीटरची १८ ग्रीन मिळून होतात ०.९ हेक्टर. त्यांना त्याच हिशेबाने ४५,००० लिटर पुरतात. म्हणजे खेळाचा गाभा फार थोड्या पाण्यात जगतो, पाणी पितो तो फेअरवे आणि रफ. एप्रिल-मेमध्ये फेअरवे तपकिरी दिसला तर सभासदांनी तक्रार करू नये. हरळी मरत नाही, झोपते. पहिल्या पावसात आठवडाभरात हिरवी होते. प्रक्रिया केलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून त्यावर चालणाऱ्या कोर्सनी माती वेळोवेळी तपासून घ्यावी, पावसाळ्यात क्षार धुऊन जातील एवढा निचरा ठेवावा. काळ्या मातीवर हा निचराच सगळ्यात अवघड.

नवशिक्या_१८:
पुढच्या रविवारी पाहुणा म्हणून जायचं आहे. सकाळची पहिली वेळ आहे. ग्रीन समजून घ्यायला आधी काय करू?

मीनल_बाणेर:
अर्धा तास आधी पोचा आणि सराव ग्रीनवर तीनच चेंडू घेऊन जा. आधी चढाला, मग उतरणीला, दहा-दहा पावलांचे पट, कपाकडे न बघता फक्त अंतरासाठी. कॅडीला पहिल्या तीन होलवर रेषा विचारा, पण स्वतःचा अंदाज आधी मनात ठरवून. तुमचं आणि त्याचं कुठे जुळत नाही ते कळलं की पुढे सोपं जातं.

हरळी:
आणि ग्रीनवर चेंडू पडल्याचा खड्डा दिसला तर फोर्क कडेला खुपसून चारही बाजूंनी माती मध्याकडे ढकला, वरून पटरने दाबा. खालून वर उचकटू नका, मुळं तुटतात आणि तो डाग कितीतरी दिवस राहतो.

थंडीत पहिली वेळ मिळाली असेल तर एक संधी असते. माळी बांबूने दव झाडायच्या आधी सराव ग्रीनवर पोचलात तर दुसऱ्या कोणाच्याही चेंडूची वाट दवात उमटलेली दिसते. ती रेषा कुठे वाकायला लागते, कपापासून किती आधी, ते बघून घ्या.